वंगण संपलेले नाही, मांडी कमजोर झाली आहे



भाताची लावणी आटोपली की आमच्या इगतपुरी-घोटी भागात गुडघ्याच्या तक्रारी वाढतात. दिवसभर चिखलात वाकून काम, घरी आल्यावर मोरीवर उकिडवे बसून धुणीभांडी. मग बाई सांगते, "सिस्टर, वाटी दुखते. वंगण संपलंय म्हणे." कोण म्हणाले, तर शेजारीण, नाहीतर मेडिकलवाला. हे ऐकले की बाई घाबरून चालणेच कमी करते. मांडी आणखी बारीक होते, दुखणे आणखी वाढते.

वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला जोडलेले छोटे हाड. गुडघा वाकला की ते मांडीच्या हाडावरच्या खाचेतून सरकते. सपाट रस्त्यावर चालताना वाटीवर आपल्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो, जिन्यावर तिप्पट, आणि पूर्ण उकिडवे बसल्यावर सात-आठ पट. म्हणजे पन्नास किलोच्या बाईच्या वाटीवर साडेतीनशे-चारशे किलो! मांडी आणि खुब्याचे स्नायू दमदार असतील तर वाटी हे सहन करते. स्नायू कमजोर असतील किंवा काम एकदम वाढले, तर ती कुरकुरते.

दुखणे वाटीचे असेल तर ते गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना, एसटीत तासभर पाय दुमडून बसल्यावर उठताना कळ येते. हे फक्त म्हातारपणाचे नाही. कॉलेजच्या मुलींना होते, पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना होते, कळसूबाई उतरून आलेल्यांनाही होते. अशा वेळी एक्स-रे बहुतेकदा चांगला येतो. म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. घरच्यांनी "नाटक करते" म्हणू नये.

आता पैशाची गोष्ट. वस्तीतल्या एका ताईने बचत गटातून कर्ज काढून एका खाजगी दवाखान्यात दहा दिवस मशीनचा शेक घेतला. व्यायाम कोणी एकही शिकवला नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 2019 साली या दुखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मांडी आणि खुब्याचे व्यायाम हाच मुख्य उपचार सांगितला आहे. अल्ट्रासाउंड, करंट, लेझर अशी मशीन वापरू नयेत, असेही स्पष्ट लिहिले आहे. फिजिओथेरपी म्हणजे मशीन नव्हे, हे घरोघरी सांगा.

व्यायामाला चटई आणि टॉवेल पुरे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा. मग उताणे झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली आणा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, हा खुब्याचा व्यायाम. तो बायका टाळतात, कारण दुखतो गुडघा आणि मेहनत खुब्याची! पण चालताना मांडी आत वळू न देण्याचे काम खुबाच करतो, म्हणून तो चुकवू नका. दोन आठवड्यांनी भिंतीला पाठ टेकून थोडेसेच खाली सरका, अर्ध्या खुर्चीइतके, आणि परत वर या. करताना थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर संख्या कमी करा. आठवड्यातून निदान तीन-चार दिवस, सहा ते बारा आठवडे करावे लागते. आठ दिवसांत सोडून "फरक नाही" म्हणू नका.

तोपर्यंत भार कमी करा. धुणे पाटावर नाहीतर स्टुलावर बसून करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. विहारात वंदनेला मांडी घालणे जमत नसेल तर खुर्ची घ्या, लाजू नका. आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात तासन् तास बसायचे असते, तिथेही गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना खुर्ची मिळते. नी-कॅपने आधार वाटतो, पण ताकद येत नाही.

मेडिकलमधून सुटी गोळी रोज आणून खाऊ नका. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी जठराला जखम होते, मूत्रपिंड खराब होते. बीपी, शुगर असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यावर पायावर भार देता येईना, गुडघा मध्येच अडकू लागला, किंवा रात्री झोपेतही ठणका लागला, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठा. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासायला सांगा. पन्नाशीनंतर सकाळी गुडघे आखडत असतील, पाय बाहेर वाकले असतील, तर ती संधिवाताची झीज असू शकते. तिथेही व्यायाम लागतोच, पण आधी तपासणी.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि नाशिकच्या सिव्हिलमध्ये फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. तिथे गेल्यावर "मला घरी करायचे व्यायाम करून दाखवा" असे स्वतःहून म्हणा, आणि सोबत नेलेल्या मुलीला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा.