उसातील शेजारी आणि आपली जीवदया

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. एके काळी हा मुलूख बाजरीचा, ज्वारीचा आणि उघड्या माळरानांचा होता. पुढे धरणे झाली. कुकडी व चासकमान प्रकल्पांचे पाणी शिरूरला आणि खडकवासल्याचे पाणी दौंडला पोहोचले. माळाच्या जागी ऊस उभा राहिला. त्याच्या जोरावर साखर कारखाने निघाले, बाजारपेठा फुलल्या, आडतीपासून कापडापर्यंत सर्व व्यापाराला बरकत आली. मात्र या उसाचा लाभ आणखी एका प्राण्याला झाला. तो म्हणजे बिबट्या.

ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष शेतात उभा असतो. आत दाट सावली, बांधावर पाणी आणि शेजारच्या वस्तीत शेळ्या, कोंबड्या, कुत्री. मादीला पिल्लांसाठी याहून सुरक्षित जागा कोठे मिळणार? येथे जन्मलेल्या बिबट्यांनी डोंगरातील अरण्य पाहिलेलेच नसते. ऊस हेच त्यांचे जन्मगाव. दिवसा ते फडात निपचित पडून राहतात आणि माणसांची वर्दळ थांबली की बाहेर पडतात. माणसाला चुकवून माणसाच्या शेजारी राहण्याची ही कला त्यांना चांगली साधली आहे.

परंतु या शेजाराची किंमत कधी कधी फार मोठी असते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन जीव बिबट्याच्या हल्ल्यात गेले. त्यांत दोन लहान मुले होती. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या घरातील मूल गेले, त्या घराला प्राणिदयेचा उपदेश करणे ही निर्दयताच ठरेल. म्हणूनच येथे विवेकाची अधिक गरज आहे.

अशा वेळी एक मागणी हमखास पुढे येते : बिबट्यांना पकडा आणि दूर जंगलात नेऊन सोडा. मारण्यापेक्षा हा मार्ग दयेचा वाटतो. जुन्नर वनविभागात तो आजमावला गेला आहे. २००१ ते २००३ या काळात शेतांतून पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरवरील वनांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासिका विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांसह या प्रयोगाचा मागोवा घेतला. पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतरानंतर ते सतरावर गेले. अनोळखी प्रदेशात सोडलेले, पिंजऱ्याने बिथरलेले जनावर अधिक धोकादायक ठरले होते. शिवाय बिबट्या सोडलेल्या जागी थांबतोच असे नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेल्या एका वयस्क नराला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. ‘आजोबा’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

ऊसतोडणीच्या दिवसांत फडात बछडे सापडतात. ती अनाथ आहेत असे समजून लोक उचलतात. वास्तविक त्यांची आई जवळच दडलेली असते. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राची मंडळी व वनकर्मचारी अशी पिल्ले तपासून सायंकाळी त्याच जागी ठेवतात आणि बहुधा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले दूर नेली, तर चवताळलेली आई त्याच शिवारात फिरत राहते.

बिबट्या वस्तीजवळ येतो तो मुख्यतः कशासाठी? अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. येथे हा विषय थेट आपल्या दारापर्यंत येतो. उरलेली पोळी रस्त्यावरील कुत्र्याला घालणे हा आपल्या घरांचा जुना संस्कार. पण गावाच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाजवळ वाट्टेल तेथे अन्न टाकले की कुत्र्यांच्या झुंडी जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. मुक्या जीवाला घातलेला घास मग दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो. शास्त्रकारांनी प्रत्येक क्रियेत यत्न सांगितला, तो याचसाठी. दया करताना तिचा परिणाम पाहणे हाही दयेचाच भाग आहे.

म्हणून दान करायचे तर कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाला व लसीकरणाला करावे. दुकानाचा व मंडईचा कचरा उघड्यावर टाकू नये. वाड्या-वस्त्यांवरून कामाला येणाऱ्या नोकरांना अंधार पडण्यापूर्वी घरी जाऊ द्यावे. ऊसतोड मजुरांच्या कोप्या फडालगत असतात. त्यांची मुले उघड्यावर निजतात. त्यांना विजेऱ्या, दिवे आणि रात्रीचा बंदिस्त निवारा देणे हे मोठे जीवदयेचे काम होईल. शेतकऱ्याला रात्री पाणी देण्यास जावे लागू नये, यासाठी दिवसा वीज मिळण्याच्या मागणीलाही व्यापाऱ्यांनी पाठबळ द्यावे. गोठा रात्री पक्का बंद असावा. मुलांनी एकटे जाऊ नये. वाकून अथवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासू शकतो, हे ध्यानी ठेवून सोबतीने, मोठ्याने बोलत काम करावे.

जोवर ऊस आहे तोवर बिबट्या येथे राहणार आणि उसाच्या पैशावर चालणारी पेठही येथेच राहणार. पेठेचा नफा ज्या शिवारातून येतो, त्या शिवारातील भयाचा थोडा भार उचलणे हेही पेठेचे देणे आहे.