हजार रुपयांचा दंड कोणी भरला?

गोष्ट फेब्रुवारी २०२३ ची. रविवारची सकाळ होती. विहारात वंदना झाली, चहा फिरला आणि मंडळी उठायच्या बेतात असतानाच एकाने बातमी आणली. आमच्या वसाहतीतल्या एका माउलीला मारहाण करणाऱ्या तिच्या थोरल्या मुलाला आदल्या दिवशी कोर्टाने शिक्षा सुनावली होती. शिक्षा काय? तर कोर्ट उठेपर्यंत कैद आणि एक हजार रुपये दंड. संध्याकाळी पाचला कोर्ट उठले आणि साडेसहाला हा गृहस्थ नाक्यावर वडापाव खाताना लोकांनी पाहिला!

मग काय विचारता. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "म्हणजे हजार रुपयांत आई मारायला मिळते तर!" महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "गाडीत विनातिकीट सापडलं तरी दंड, आणि आईला मारलं तरी दंडच." तरुण पोरे तर हातघाईवर आली. तोंडाला काळे फासू, वसाहतीतून धिंड काढू, खोलीला कुलूप ठोकू. कोणी म्हणाले फाशी द्या. कोणी म्हणाले न्यायाधीश फितूर झाला. मीही गप्प बसलो नव्हतो. त्या केसचा पहिला अर्ज माझ्याच हाताने लिहिलेला, त्यामुळे माझा आवाज जरा जास्तच चढला होता, हे कबूल करतो.

पण मी पडलो कारकून माणूस. वीस वर्षे दुसऱ्यांच्या फायली वाचण्यात गेली. कागद पाहिल्याशिवाय मत देऊ नये ही सवय हाडात भिनलेली. आठवड्याभराने निकालाची नक्कल काढली आणि रात्री जेवणानंतर दोनदा वाचली. वाचून माझा राग गेला नाही, पण त्याचे तोंड दुसरीकडे वळले.

निकालात कलम होते भारतीय दंडसंहितेचे ३२३, म्हणजे साधी दुखापत. या कलमाला शिक्षा होती एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपण ज्या दंडाला हसलो, तो त्या कलमातला सर्वांत मोठा दंड होता. कैद मात्र मॅजिस्ट्रेटसाहेबांना वर्षभराची देता आली असती. ती त्यांनी दिली नाही. कारणे लिहिली होती : आरोपीचा पहिलाच गुन्हा, त्याने गुन्हा कबूल केला, त्याच्यावर दोन लहान मुले अवलंबून, आणि फिर्यादी आईनेच त्याला आत टाकू नका अशी विनंती केली.

माझे मत विचाराल तर शिक्षा हलकीच होती. पण ती हलकी व्हायला सुरुवात कोर्टाच्या फार आधी झाली होती, आणि त्यात आपल्या सगळ्यांचा हात होता.

या मावशी तेव्हा सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली. नवऱ्यामागे खोली त्यांच्या नावावर झाली. थोरल्याला ती विकायची होती आणि मावशी सही देत नव्हत्या, एवढेच भांडणाचे मूळ. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांचे उजवे मनगट मोडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? थोरला मागेच उभा होता. मावशी म्हणाल्या, न्हाणीत पाय घसरला. डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिले, प्लॅस्टर घातले, घरी पाठवले.

त्या एका ओळीने काय केले पाहा. हाड मोडले की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. तेव्हा तिला कलम ३२५ होते, सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करणे भाग. मारहाण झाली एवढे जरी मावशींनी सांगितले असते, तरी दवाखान्यातून पोलिसांना खबर गेली असती. ते सगळे 'पाय घसरला' या दोन शब्दांत वाहून गेले.

दोन महिन्यांनी पुन्हा मारले तेव्हा मावशी माझ्याकडे आल्या. गालावर वळ, खांद्याला मुका मार. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एन.सी. लिहून घेतली आणि पावती हातात दिली. आपल्या वस्तीत अशा पावत्या घराघरांत डब्यात जपून ठेवलेल्या असतात! एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. लोक समजतात, केस झाली. मी तो हुकूम मिळावा म्हणून अर्ज केला, हुकूम मिळाला, तपास सुरू झाला. अर्ज मी चांगल्या भाषेत लिहिला होता. 'वृद्ध व असहाय माता' वगैरे शब्द घातले होते. फक्त एक गोष्ट केली नाही. मावशींचे मनगट वाकडे बसलेले समोर दिसत असताना, मावशी हे कशाने झाले, असे मी विचारले नाही. मला ते निकाल लागल्यावर कळले, त्यांच्या धाकट्या सुनेकडून.

आता शेजाऱ्यांचे पाहू. आमच्या वसाहतीत दोन खोल्यांमधली भिंत अशी की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या इकडच्या बाईने मोजाव्यात. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा आजूबाजूच्या चार घरांनी एकच उत्तर दिले : आम्ही कामावर होतो. त्यांतले दोघे त्या रविवारी विहारात फाशीची मागणी करत होते. मी त्यांची नावे घेणार नाही. पोराबाळांचे धनी आहेत, कोर्टाची एक तारीख म्हणजे एक खाडा आणि शेजारी जन्माचे वैर, हे मला समजते. पण मग साक्ष द्यायला नको आणि फाशी मात्र हवी, हे कसे जमायचे? आणि धिंड काढली असती तर रात्री तो घरी कोणाकडे परतला असता? त्याच खोलीत, त्याच मावशींकडे.

आता दंडाची गोष्ट. निकालाच्या दिवशी थोरल्याच्या खिशात सव्वाशे रुपये होते. दंड भरला नाही तर सात दिवस आत. मावशींनी कनवटीची पिशवी काढली आणि हजार रुपये भरले. ते पैसे कुठले? मावशींना सरकारच्या निराधार योजनेतून महिना हजार रुपये मिळत. २०२३ च्या जुलैपासून ते दीड हजार झाले, तोवर हजारच होते. योजनेचे नाव आहे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. श्रावणबाळाच्या नावाचे महिन्याचे पैसे असे सरकारजमा झाले. 

वाचकहो, हे मला आधी कळले असते तर मी सरकारी वकिलांना गाठले असते. दंडाच्या रकमेतून मार खाणाऱ्याला नुकसानभरपाई द्या, असा आदेश कोर्टाला करता येतो. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७ होते, आता नव्या संहितेत ते ३९५ आहे. पण तशी मागणी कोणी केलीच नाही.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३२३ चे झाले ११५(२). कैद तेवढीच, दंड मात्र दहा हजारांपर्यंत. ३२५ चे झाले ११७(२). साधी दुखापत अजूनही अदखलपात्रच. म्हाताऱ्या माणसाला मारले म्हणून वेगळे, वाढीव शिक्षेचे कलम नव्या संहितेतही नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा जो कायदा आहे, त्यात म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्याला जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लोकांनी चिडायचे तर इथे चिडावे, आमदार-खासदारांना विचारावे. मॅजिस्ट्रेट कलमाबाहेर जाऊ शकत नाही.

मात्र याच कायद्यांत काही हत्यारे पडून आहेत, जी आपण उचलत नाही. २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला जमत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अर्ज करता येतो. दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. छळणाऱ्या मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेशही होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले आहे. सुनेचा राहण्याचा हक्कही त्याच वेळी पाहावा लागतो, तेही बरोबरच आहे.

दुसरा कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचाराचा. तो फक्त नवऱ्याविरुद्ध बायकोचा, असा आपला समज. आईलाही तो लागू आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात जो गाजलेला निकाल लागला, तो मुंबईच्याच एका आईने आणि मुलीने मुलाविरुद्ध, सुनेविरुद्ध केलेल्या तक्रारीतून निघालेला. तक्रार फक्त सज्ञान पुरुषाविरुद्ध करता येते, ही अट त्या निकालाने उडाली. या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळाला आणि मुलाने तो मोडला, तर तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड. आईने लेकाला जेलात धाडावे असे नाही. पण दारावर कागद लागला की हात उचलणारा दहादा विचार करतो. आणि फोन करायचा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

हे सगळे मी मार्चमध्ये महिला मंडळाच्या बैठकीत कागदावरून वाचून दाखवले. बी.कॉम.ला शिकलेला व्यापारी कायदा इथे काही कामाचा नव्हता, म्हणून एका वकील मित्राकडून आधी समजून घेतले. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मावशी ओट्यावर बसलेल्या. थोरल्याने पुन्हा खोलीचा विषय काढला होता, ताट भिरकावले होते. म्हणाल्या, "भाऊ, तो प्रांतांचा कागद लिही. जेल नको. फक्त रात्रीचा तो घरात नको."

मी लिहायला बसलो. खोलीचा नंबर, वारस, श्रावणबाळचे पैसे, सगळे क्रमाने घेत गेलो. मारहाणीच्या तारखांशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि उजवा हात दिव्याखाली धरला.

"हे पहिलं लिही," त्या म्हणाल्या. "आणि तो तेव्हा माझ्या मागे उभा होता, तेही लिही."

अर्ज तीन पानांचा झाला. शेजारच्या घरातून एकाने साक्षीदार म्हणून सही दिली आहे, दुसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले आहे.