धावायला वाट कोणती धराल?

पोलीस किंवा सैन्य भरतीची जाहिरात निघाली, की गावोगावची पोरे पहाटे रस्त्याला लागतात. आता पोरीही लागतात, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु धावायला कुठे जायचे याचा विचार क्वचितच कुणी करतो. घराजवळ डांबरी सडक असते, तीच धरली जाते. नांगरट करताना आपण आधी रान पाहतो, वाफसा आहे की नाही ते पाहतो. मग पोराच्या पायाखालची वाट का पाहू नये?

आपल्या सातारा जिल्ह्याचेच पाहा. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. एकाच जिल्ह्यात डोंगरघाट, कृष्णाकाठची काळी जमीन आणि माणदेशचा मुरमाड माळ असे तीन तऱ्हेचे रान आहे. धावणाऱ्याच्या दृष्टीने तिन्हींचे गुण वेगळे आणि खोडीही वेगळ्या.

पहिला मान मी माणदेशाला देतो. माण नदी कुळकजाईकडच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी पूर्वेकडे उतरत पुढे पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. पिकाला ही जमीन हलकी, पण पायाला मोठी गुणाची. मुरूम पाण्याचा निचरा करतो, चिखल फार काळ राहत नाही आणि डांबराइतका हादरा गुडघ्याला बसत नाही. नदीकाठच्या गाडीवाटा थोड्या चढतात, थोड्या उतरतात. दम वाढवायला यापेक्षा चांगली वाट विकत मिळायची नाही. कोरड्या पात्रातल्या वाळूत मात्र रोज धावू नये. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरे. त्याहून अधिक केले तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते.

याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. शेतकऱ्याची लेक. तिने तीन हजार मीटर स्टीपलचेस ही शर्यत निवडली. या शर्यतीत वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. बांध, चर आणि ओघळ ओलांडत वाढलेल्या मुलीला ती जवळची वाटली असेल तर नवल नाही. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले, २०१५ साली वुहानला आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण मिळाले आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती अंतिम शर्यतीत धावून दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा धावल्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक प्रकारात अंतिम शर्यत गाठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच शर्यतीतला. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर होती, तिथे पायीच जावे लागे. पुढे तो सैन्यात गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. दोघेही कमी पावसाच्या मुलखातले. नाशिककडे हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत मात्र भरपूर पावसाच्या डोंगरातली. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणले. तेव्हा पाऊस किती पडतो यावर काही अडत नाही, घरच्यांनी जाऊ दिले यावर अडते.

कृष्णाकाठची गोष्ट वेगळी. कराड, वाळव्याच्या बाजूला कालव्याच्या कडेने जाणारे रस्ते सपाट असतात. वेग मोजून धावायचे असेल तर असाच सपाट तुकडा हवा. पण दोन धोके पक्के ध्यानात ठेवा. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले, की पुढचे चार-पाच महिने पहाटे रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीही नसते. चालकाला अंधारात गडद कपड्यातला पोरगा दिसत नाही. म्हणून पांढरा किंवा पिवळा सदरा घालावा आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशा बेताने रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे. कानात गाणी घालून रस्त्यावर धावणे तर सरळ बंद करा. दुसरा धोका बिबट्याचा. आता तो उसातच राहतो, उसातच पिले घालतो. दोन्हीकडे ऊस आणि मधून अरुंद पाणंद अशा वाटेने झुंजुमुंजूच्या आधी एकट्याने जाऊ नये. उजाडल्यावर आणि दोघे-तिघे मिळून, बोलत जावे. अर्धा तास उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

घाटाबद्दल पोरांच्या मनात फार चुकीची समजूत आहे. चढ अवघड म्हणून ती चढाला भितात आणि उतारावर मोकाट सुटतात. खरे तर शरीराला चढ मानवतो. पाऊल हळू पडते, हादरा कमी बसतो, मांड्या आणि छाती तयार होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो. म्हणून दोन दिवसांनी जिना उतरताना पोरगा कण्हतो. तेव्हा चढ धावत जावा, उतार चालत किंवा लहान पावलांनी उतरावा. आठवड्याला एक दिवस घाट पुरे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढण्याची एकवीस किलोमीटरची शर्यत २०१२ पासून भरते, तिला बाहेरगावचे लोक पैसे भरून येतात. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाने कावडी चढवणाऱ्यांना मात्र कुणी कधी पदक दिले नाही! असो.

आता भरतीचे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. सगळे मिळून पन्नास गुण. नियम मध्येच बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. पूर्वी मुलांना पाच किलोमीटर धावावे लागत असे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत उन्हात धावताना काही उमेदवार दगावले. हातातोंडाशी आलेली पोरे होती ती. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. पण उपाशीपोटी, रात्रभर एस.टी.च्या फलाटावर जागून, तहानलेल्या अंगाने मैदानात उतरणे अजून थांबलेले नाही. भाडे वाचवायला पोरगा आदल्या रात्री उघड्यावर झोपतो. आई-वडिलांनी इथे चार पैसे सोडावेत. आदल्या दिवशी पोचू द्या, पोटभर जेवून झोपू द्या. सकाळी दोन तास आधी थोडी भाकरी-दूध किंवा केळी आणि थोडे थोडे पाणी पुरेसे. धावताना चक्कर आली, घाम एकाएकी थांबला, छातीत दुखले, तर तिथेच थांबायचे, हे घरूनच सांगून पाठवा. भरती पुन्हा निघते.

अंतर मोजायला महागडे यंत्र लागत नाही. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे जुन्या मोजणीची एक साखळी. अशा दहा साखळ्या मोजल्या, की शंभर मीटर आणि वर जेमतेम अर्धा मीटर होतो. ३३ फुटांचा दोर घ्या, माळावर सपाट जागा पाहून दहा दोर मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा. झाले तुमचे शंभर मीटरचे मैदान. आठ फेऱ्यांत मुलीचे ८०० मीटर, सोळा फेऱ्यांत मुलाचे १६०० मीटर. मात्र प्रत्येक टोकाला वळण्यात वेळ जातो, म्हणून घड्याळ लावून खरा वेळ पाहायचा असेल त्या दिवशी शाळेच्या मैदानावर गोल आखणी करावी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला महिनाभर नुसते चालणे आणि हळू धावणे करावे. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे.

मुलींच्या आई-वडिलांशी दोन शब्द अधिक बोलायचे आहेत. पोलीस भरतीत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. तरीही पोर दहावी झाली, की "लोक काय म्हणतील" म्हणून तिचे धावणे बंद होते. पहाटेचा झाडलोट-पाण्याचा रगाडाही तिच्याच वाट्याला असतो. भाऊ मात्र धावून येऊन चहा मागतो. पाणी भरण्याची एक खेप भावाने केली तर बहिणीला अर्धा तास मिळेल. वस्तीवरच्या चार मुली एकत्र जाऊ द्या. वाट अशी निवडा, की रानात कामाला आलेल्या माणसांच्या नजरेसमोर असेल. सुरुवातीला आईने बांधावर उभे राहिले तरी पुष्कळ झाले. मुलीला लवकर दम लागत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. अंगात रक्त कमी असताना नुसते धावून काही उपयोग नाही.

पावसाळ्यात नदीकाठची वाट बदलावी लागते. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी जात असेल तर ते गुडघ्याएवढे दिसले तरी ओलांडू नये. वर डोंगरात पाऊस झाला तर माणसारखी कोरडी नदीसुद्धा बघता बघता भरून येते. त्या दिवसांत काळ्या रानातले धावणे सोडून गावठाणाजवळचा मुरमाचा माळ धरा, आणि बूट घरी आल्यावर चुलीजवळ न ठेवता आत कागद कोंबून वाऱ्यावर वाळवा. चुलीच्या धगीने तळ सुटतो, आणि नव्या जोडाला पुन्हा हजार-दीड हजार मोजावे लागतात.