बातमी मोजण्याची विद्या

पत्रकारितेतील पीएच.डी. म्हणजे वाहिन्या, मोबाईल आणि समाजमाध्यमे यांविषयी चटकदार मते मांडण्याचा सनदशीर परवाना, असा जो समज सुशिक्षितांतही आढळतो, तो नावड्याच्या सिडको वसाहतीत राहणाऱ्या एका संशोधिकेच्या मेजाशी बसून तिचे काम पाहिल्यावर टिकत नाही.

तिचा विषय याच मातीतला. 1970 साली सिडको हे नगरनियोजन करणारे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवे शहर उभारण्याचे ठरले; पुढे 16 व 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा जो हक्क आज प्रकल्पग्रस्तांच्या तोंडी असतो, त्याची मुळे त्या लढ्यात आहेत. या घडामोडींच्या बातम्यांत मराठी वृत्तपत्रांनी कोणाला बोलू दिले, एवढाच तिचा प्रश्न.

ग्रंथालयातील जुन्या अंकांच्या बांधीव संचिकांचा कागद दुमडताच तुटतो, म्हणून परवानगी घेऊन त्यांची छायाचित्रे काढावयाची. परंतु छायाचित्रात बातमीचे खरे आकारमान हरपते, यास्तव प्रत्येक पानावर एक फूटपट्टी ठेवूनच ते टिपावयाचे आणि पुढे घरी स्तंभ-सेंटिमीटरांचा हिशेब मांडावयाचा, अशी तिची रीत. शहर आवृत्ती कोणती आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती कोणती, याचीही तारीखवार नोंद असते. कारण एकाच दिवसाच्या दोन आवृत्त्यांत तीच बातमी निराळ्या पानावर आणि निराळ्या लांबीची असू शकते.

खरी कसोटी वर्गीकरणाची. बातमीत ज्याचे म्हणणे आले तो इसम शासकीय अधिकारी, पुढारी, शेतकरी की पोलीस, हे ठरविण्याचे नियम ज्या संकेतपुस्तिकेत लिहिलेले असतात, ती हाती घेऊन तिच्या एका सहाध्यायीने त्याच बातम्या स्वतंत्रपणे तपासल्या, तेव्हा पहिला खटका उडाला तो सरपंचावरून: ज्याची स्वतःची जमीन संपादनात गेली, असा सरपंच कोणत्या खान्यात घालावा? बऱ्याच वादानंतर नियम ठरला की, बातमीने त्यास ज्या नात्याने बोलते केले त्या नात्याने त्याची नोंद करावी. आणि त्या एका नियमापायी आधी तपासलेल्या साऱ्या बातम्यांची फेरतपासणी करणे प्राप्त झाले.

दोघांचे उत्तर किती वेळा जुळले, एवढी टक्केवारीही पुरत नाही. बहुतेक बातम्यांत बोलणारे शासकीय अधिकारीच असतील, तर न वाचता सर्वत्र ‘अधिकारी’ लिहिणाऱ्या दोघांचेही एकमत होईल; म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा, जेकब कोहेन यांनी 1960 साली सुचविलेला ‘कप्पा’ हा गुणांक काढतात. पूर्ण एकमत असेल तर तो 1, आणि योगायोगाइतकेच असेल तर शून्य.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी पीएच.डी.साठी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिली आहेत, आणि त्यांतील पुष्कळसा काळ अशाच नीरस कामात जातो. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी शीर्षकाचा घोळ घालण्यापूर्वी आपल्या विषयावरील पन्नास बातम्या एखाद्या जाणत्या मित्राकडून स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात; उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथेच प्रबंधाचा खरा प्रश्न सापडतो.