बेल्जियन बीअरचे बियाणे : यीस्टची निवड

पेरणीपूर्वी बियाण्याची परीक्षा करावी, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जमीन तीच, पाऊस तोच, मेहनतही तीच. परंतु बियाणे बदलले की पीक बदलते. बीअर आंबविण्याच्या कामी हेच स्थान यीस्ट नामक सूक्ष्म जीवाचे आहे. जवास मोड आणून ते वाळविले, भरडून ऊन पाण्यात ठेवले, त्यांतील पिष्टाची साखर झाली आणि त्या गोड काढ्यास हॉप्ससह उकळी दिली, म्हणजे केवळ शेत तयार झाले असे समजावे. खरी पेरणी यीस्टची. बेल्जियम देशाच्या एल जातीच्या बीअरमध्ये तर चवीचा मुख्य भाग यीस्टच देते.

आमची हयात महसुली दप्तरात गेली. यास्तव प्रथम कायदा सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर पूर्ण बंदी आहे. तेव्हा इंझोरीत वा मानोरा तालुक्यात कोणी घरी भांडे चढवावे, असा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु वऱ्हाडातील शेतकरी घराण्यांची मुले आज परदेशी नोकरीस आहेत. इंग्लंडात १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बीअर करमुक्त करता येते. मात्र ती विकता येत नाही, आणि तेथील ज्या त्या राज्याचा नियमही पाहावा लागतो. इकडे पुण्यातही २००९ साली डूलाली हे परवानाधारक लहान मद्यगृह सुरू झाले व तेथे बेल्जियन धर्तीची गव्हाची बीअर मिळू लागली. अशा ठिकाणी काम करू इच्छिणाऱ्या तरुणांस हा मजकूर उपयोगी पडावा.

शिवाय ही विद्या मूळची शेतकऱ्याचीच आहे. बेल्जियमच्या एनो प्रांतातील शेतकरी हिवाळ्यात एल करून ठेवीत व उन्हाळ्यात शेतावरच्या हंगामी मजुरांस ती देत. हंगामावरून तीस ‘सेझॉन’ हे नाव पडले. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्यास आंबील देण्याची जी रीत, तीच ही.

यीस्ट साखर खाते व तिच्या वजनाचे जवळजवळ निम्मे मद्य आणि निम्मा कर्बवायू करते. पाश्चर याने १८७६ च्या ग्रंथात बीअर कशाने बिघडते हे दाखविले. पुढे १८८३ साली कोपनहेगन येथे हॅन्सन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. तेव्हापासून निवडक बियाणे हाती आले. २०१६ साली लूवेन येथील संशोधकांनी १५७ जातींच्या यीस्टची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, बीअरची यीस्टे मनुष्याने पिकांप्रमाणेच माणसाळविली असून त्यांपैकी बहुतेकांचा लवंगेसारखा वास देण्याचा गुण नष्ट झाला आहे. बेल्जियन एलच्या पुष्कळ यीस्टांनी मात्र तो राखला आहे. लवंगेचा हा वास व त्याजबरोबर येणारा पिकल्या केळ्याचा वास, हीच या एलची ओळख होय.

आता निवड. पहिला विचार उष्णतेचा. सेझॉनच्या काही जाती ३० अंशांवरही उत्तम चालतात; तूर्प गावच्या द्युपाँ कारखान्यात तर त्याहून अधिक उष्णता देतात. मठवासी साधूंच्या धर्तीच्या एलची यीस्टे १८ ते २० अंशांवर पेरून पुढे हळूहळू २४ पर्यंत चढू द्यावीत. पहिल्या दोन दिवसांत ऊन लागले, तर मद्य उग्र व घसा जाळणारे होते. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे गेला असता आपण रांजणाभोवती ओले फडके गुंडाळतो. कोरड्या हवेच्या कोणत्याही देशात हीच युक्ती आंबवणाच्या भांड्यास लागू पडते.

दुसरा विचार यीस्टच्या भुकेचा. आणि येथे धोका आहे. सेझॉनच्या कित्येक जाती सामान्य यीस्टला न पचणारी पिष्टशर्कराही सावकाश खातात. काम संपले असे मानून बाटल्या घाईने भरल्या, तर आत वायू साचून बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते. हायड्रोमीटरचा आकडा पुष्कळ दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरू नये. भरताना साखर लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम तोलूनच घालावी, व बाटली जाड काचेची घ्यावी. पाकिटावर ‘डायस्टॅटिकस’ हा शब्द असल्यास दुप्पट सावध राहावे.

तिसरा विचार सोयीचा. नवशिक्याने कोरडे यीस्ट घ्यावे, ११.५ ग्रॅमचे पाकीट २० लिटर साध्या काढ्यास पुरते. काढा जड असल्यास अधिक लागते. हवेतील यीस्टवर आपोआप आंबणारी ब्रसेल्सजवळची लॅम्बिक आमच्या शिंदीची बहीणच. पण तीस वर्षानुवर्षे लागतात. पडीत आपोआप उगवलेल्या पिकावर नवशिक्याने भिस्त ठेवू नये.

बियाणे राखणे हा शेवटचा धडा. डूव्हेल बीअर काढणारे मूर्तगात घराणे पहिल्या महायुद्धानंतर यीस्टसाठी स्कॉटलंडपर्यंत गेले. वेस्टव्हलेटरेन मठ आपले यीस्ट वेस्टमाल मठाकडून आणतो. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जतन केलेला आहे. घरी तळाचे स्वच्छ यीस्ट उकळून घेतलेल्या बरणीत, थंड पेटीत ठेवून काही वेळा पुन्हा वापरता येते. वास बिघडताच टाकून द्यावे. विरजणाचे भांडे गृहिणी ज्या काळजीने धुते, तीच काळजी येथे पाहिजे.

आणि प्रत्येक खेपेचे पेरेपत्रक लिहावे : यीस्टची जात, तारीख, उष्णता, आरंभीचा व अखेरचा आकडा. एका खेपेस एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केले, तर यश कोणाचे व अपयश कोणाचे हे वहीवरून कळत नाही; आणि ज्या वहीवरून काही कळत नाही, ती ठेवणे व्यर्थ होय.