पाणी घरी ठेवून निघालेली खिचडी

समजा, तुमच्या शाळेतील मुलांचा एक गट शिक्षकांबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेला आहे. दिवसभर चढून सारे दमले आहेत. स्टोव्हवर तांदूळ आणि मुगाची डाळ रटरटते आहे, पण अर्धा तास झाला तरी डाळ बोटाने दाबली जात नाही. एक तर वाऱ्याने ज्योत सारखी हलते. शिवाय एवढ्या उंचीवर पाणी १०० अंशांना नव्हे, साधारण ९५-९६ अंश सेल्सियसलाच उकळते, म्हणून डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. शेजारच्या गटाने मात्र डब्यातून टणक पिवळे दाणे काढले, उकळत्या पाण्यात टाकले, पाच मिनिटे उकळले आणि भांडे झाकून ठेवले. पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्या ताटात गरम खिचडी आली!

ते दाणे म्हणजे घरी शिजवून वाळवलेली खिचडी. ती कशी करायची हे या लेखात पाहू. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती समजली नाही, तर हीच खिचडी गडावर सगळ्या गटाला आजारी पाडू शकते.

पाणी असते, पण मोकळे नसते

अन्न नासते ते मुख्यतः जीवाणू, यीस्ट आणि बुरशी यांच्यामुळे. या सर्वांना वाढीसाठी पाणी लागते. अन्नातले पाणी काढून घेतले की त्यांची वाढ थांबते. आपले पापड, कुरडया, सांडगे, सुकट-बोंबील यांमागचे तत्त्व हेच आहे.

पण पाणी किती कमी केले म्हणजे पुरे? येथे एक गंमत आहे. १०० ग्रॅम मधात सुमारे १७-१८ ग्रॅम पाणी असते, तरी बंद बरणीतला मध वर्षानुवर्षे टिकतो. साठवलेल्या तांदळात तेवढेच पाणी राहिले तर त्याला बुरशी येते. असे का? मधातील पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेले असते. सूक्ष्मजीवांना ते सहजासहजी मिळत नाही. म्हणजे पाणी एकूण किती आहे, यापेक्षा त्यांतले मोकळे किती आहे, हे महत्त्वाचे.

ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात हा संबंध मोजून दाखविला. या मोकळ्या पाण्याच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरतात. ती ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते. विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू मात्र ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. बहुतेक बुरशी ०.८० च्या आसपास थांबतात, आणि कोरडेपणाला सरावलेल्या काही थोड्या बुरशी ०.६१ पर्यंत वाढतात. ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. आपल्याला गाठायचे आहे ते हे ठिकाण. दाणा कच्च्या तांदळासारखा कडक झाला, गाजराची चकती वाकण्याऐवजी मोडू लागली, म्हणजे आपण तेथे पोहोचलो असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी काढल्याने सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. पुष्कळसे निपचित पडून पाण्याची वाट पाहत असतात. म्हणून वाळवण्याच्या कामात दोन काळ धोक्याचे असतात. पहिला, अन्न ओले असल्यापासून कोरडे होईपर्यंतचा, आणि दुसरा, त्याला पुन्हा पाणी मिळाल्यानंतरचा.

हवेला तहान हवी

हवा पाणी शोषून घेते, पण तिलाही मर्यादा असते. ३० अंशांची हवा एका घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. ६० अंशांना ही मर्यादा सुमारे १३० ग्रॅमवर जाते. पावसाळ्यातील ८० टक्के आर्द्रतेची ३० अंशांची हवा घ्या. तिच्यात सुमारे २४ ग्रॅम बाष्प आहे. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे ती एकदम ‘तहानलेली’ होते! ओव्हन किंवा अन्न वाळवण्याचे विजेचे यंत्र पावसाळ्यातही काम करते ते यामुळे.

पाणी उडून जायला उष्णताही भरपूर लागते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला आणायला ७० किलोकॅलरी पुरतात, पण तेवढ्याच पाण्याची ३० अंशांना वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे आठपटींहून जास्त. स्वच्छ दुपारी एक चौरसमीटर गच्चीवर दर तासाला सुमारे ८६० किलोकॅलरी इतके ऊन पडते. त्यातले बरेचसे वाया जाते, तरी हे इंधन फुकट आहे. वाळवणे एप्रिल-मे महिन्यांत घालतात याचे कारण तुमच्या लक्षात आले असेलच.

मग उष्णता खूप वाढवून काम लवकर का उरकू नये? कारण तसे केल्यास बाहेरचा थर आधीच कडक होतो आणि आतले पाणी कोंडले जाते. बाहेरून खडखडीत दिसणारा तुकडा आतून ओला राहतो आणि महिन्याभरात बुरसतो. म्हणून ५५ ते ६० अंशांचे तापमान आणि वाहती हवा ही जोडी उत्तम.

भाताचा धोका

शिजवलेल्या भाताबद्दल विशेष काळजी का घ्यायची? तांदळावर बॅसिलस सिरिअस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी हे बीजाणू जगतात. पुढे भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. त्याने उलट्या होतात. हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून ‘गडावर उकळून घेऊ, मग काय होणार आहे?’ हा युक्तिवाद येथे चालत नाही.

तेव्हा शिजवलेली खिचडी दोन-तीन दिवस उन्हात हळूहळू वाळवणे धोक्याचे आहे. ती ओव्हनमध्ये किंवा वाळवणी यंत्रात, ६० अंशांच्या आसपास, एका दमात वाळवावी. तुम्ही विचाराल, मग आजी कुरडया, पापड्या उन्हात घालते त्या कशा टिकतात? ती काय करते ते आठवा. पहाटे उठून चीक किंवा उकड शिजवते, गरम असतानाच पातळ थरात घालते, मीठही असते, आणि कडक उन्हात संध्याकाळपर्यंत त्या बऱ्याचशा वाळतात. जीवाणूंना उसंत मिळत नाही. उन्हाचा उपयोग तुम्ही भाज्यांसाठी जरूर करा. खिचडी मात्र यंत्रावर सोपवा.

खिचडी वाळवताना

हे काम घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने करा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, हळद, जिरेपूड आणि मीठ घालून मऊ खिचडी शिजवा. तेल-तूप घालू नका. तेल वाळत नाही, आणि हवेतील ऑक्सिजनमुळे ते खवट होते. फोडणीचे तेल छोट्या बाटलीत वेगळे न्यावे.

खिचडी शिजल्याबरोबर ताटांत अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नाही अशा थरात पसरा आणि लगेच यंत्रात ठेवा. साधा ओव्हन असेल तर तो सर्वांत कमी तापमानावर ठेवून दार किंचित उघडे राहू द्या, म्हणजे बाष्प बाहेर जाईल. दोन तासांनी गोळे हाताने मोकळे करा. सुमारे सहा ते दहा तासांत दाणे कडक होतात. गरम दाणा मऊ वाटतो, म्हणून परीक्षा गार झाल्यावरच करावी.

गाजर, फरसबी, मटार यांना आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळून घ्या. भाज्यांत विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. ती वाळल्यावरही भाजीचा रंग आणि चव हळूहळू बिघडवतात. उकळत्या पाण्याने ती निकामी होतात. कांदा आणि टोमॅटो यांना याची गरज नाही. चकत्या सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या, सारख्या कापा. मांस, अंडी आणि दूध घरी वाळवण्याच्या भानगडीत नवशिक्यांनी पडू नये.

आता वजनाचा हिशेब करू. एक किलो गाजरात सुमारे ८८० ग्रॅम पाणी असते. वाळल्यावर उरतात जेमतेम १३० ग्रॅम. एक किलो टोमॅटोचे तर ६५-७० ग्रॅमच होतात. पण वाळलेल्या खिचडीचे वजन मोजाल तर ते मूळच्या कच्च्या तांदूळ-डाळीएवढेच भरेल! कारण तांदूळ आणि डाळ हे शेतात आधीच वाळलेले धान्य आहे. मग खिचडी वाळवून मिळवले काय? वेळ आणि इंधन. कच्च्या दाण्यातील पिष्ट शिजायला उष्णता आणि वेळ लागतो. वाळवलेल्या खिचडीतील पिष्ट घरीच शिजलेले असते. त्याला आता फक्त पाणी प्यायचे असते. पोहे नुसते भिजवून खाता येतात ते याच कारणाने. भात भिजवून, भाजून, चेपताना त्यातले पिष्ट आधीच शिजलेले असते.

बरणीतील आठवडा

वाळवून काढलेले सगळे दाणे सारखे कोरडे नसतात. ते काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. ओलसर दाण्यांतील पाणी कोरड्या दाण्यांत वाटले जाते. काचेवर आतून दव दिसले, तर सगळे पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळेच टाकून द्या. बुरशीचा भाग काढून बाकीचे ठेवू नका.

आठवडा निर्वेध गेला की एका वेळच्या जेवणाच्या घट्ट बंद पुड्या करा, तारीख लिहा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. सहा महिन्यांत वापरून टाका. पावसाळ्यात पुडी उघडी टाकू नका. उघड्यावरचा पदार्थ भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो. हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल, तर पापड सादळतो आणि त्याची जलक्रियाशीलता ०.८५ च्या दिशेने वाढत जाते. म्हणजे बुरशीला आमंत्रणच!

पुन्हा पाणी मिळाल्यावर

गडावर १०० ग्रॅम खिचडीला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी घ्या. टाक्यातले पाणी असेल तर ते आधी चांगले उकळा. खिचडी घालून पाच मिनिटे उकळा, झाकून पंधरा मिनिटे ठेवा, वरून फोडणी द्या. पाणी मिळताच ही खिचडी ताज्या खिचडीइतकीच नाशवंत होते. निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात. म्हणून ती लगेच खावी. रात्रीची उरलेली सकाळी खाऊ नये.

घरातील अडचणीच्या दिवसांसाठी पुड्या ठेवायच्या असतील, तर आणखी एक विचार करावा लागतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड येथे महापूर आला. चहूकडे पाणी होते, पण पिण्याजोगे पाणी मिळणे कठीण झाले होते. वाळवलेली खिचडी म्हणजे पाणी घरी ठेवून निघालेले अन्न. ते पाणी खाण्याच्या वेळी परत द्यावेच लागते, आणि चूलही लागते. म्हणून अशा वेळच्या डब्यात चार पुड्यांबरोबर दीड लिटर पिण्याचे पाणी बंद बाटलीत ठेवावे. पिण्यासाठी लागेल ते पाणी निराळे. शिवाय चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गूळ असे न शिजवता खाता येणारे पदार्थही हवेत.

करून पाहा

झाकणाच्या दोन सारख्या बरण्या घ्या. एकीच्या तळाशी साधे पाणी घाला. दुसरीत पाण्यात मीठ विरघळवत राहा, तळाशी मीठ न विरघळता उरेपर्यंत. पहिल्या बरणीतील हवेची आर्द्रता १०० टक्क्यांच्या जवळ जाते, दुसरीत ती सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. दोन्हींत एक-एक छोटी वाटी ठेवून तिच्यात वाळलेल्या भाकरीचे तुकडे ठेवा. तुकडे पाण्याला लागू देऊ नका. झाकणे घट्ट लावा आणि तीन आठवडे रोज बाहेरूनच निरीक्षण करा. बुरशी कोणत्या बरणीत आधी दिसते, कितव्या दिवशी, तिचा रंग कोणता, ते वहीत लिहा. प्रयोग संपल्यावर बरण्या न हुंगता शिक्षकांकडे द्या.

याच प्रयोगातून एक साधे उपकरणही हाती येते. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मिठाला पाणी सुटते. मिठात अशुद्ध द्रव्ये असतील तर ते थोडे आधीच पाझरते. स्वयंपाकघरातील मीठ ओले दिसू लागले, की त्या दिवशी वाळवणाच्या बरण्या उघडू नका.