चाक उचललं तरी वळू नये

घरी बग्गी बांधणाऱ्याचा सगळा जीव इंजिनात अडकलेला असतो. पण आष्टी-पाटोद्याच्या माळावर दगडधोंड्यांतून गाडी घातली, की कस लागतो तो पुढच्या चाकांचा. एक चाक दगडावर चढतं आणि हातातलं स्टेअरिंग हललेलं नसताना गाडी बाजूला ओढते. लोक अलाइनमेंटला दोष देतात. खोट असते जोडणीत.

चाक वर-खाली होताना चाक धरणारा ए-आर्म एका कमानीत फिरतो, चाक वळवणारा टाय रॉड दुसऱ्या. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत, तर रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. भंगारात मारुती ८०० चा स्टेअरिंग रॅक सहज मिळतो, पण तो त्या गाडीच्या मापाचा. त्याची टोकं ए-आर्मच्या बिजागऱ्यांपेक्षा बाहेर आली, की टाय रॉड आखूड पडतो. स्टेअरिंगचा हात मागे असेल, तर चाक उचलताच त्याची मागची कड आत खेचली जाते आणि तोंड बाहेर फिरतं. म्हणून आधी रॅक आणावा, मग चासीवर बिजागऱ्यांच्या जागा ठरवाव्यात. उलट्या क्रमाने काम केलं, की रॅक कापून वेल्डिंग करायचा मोह होतो. स्टेअरिंगच्या भागाला वेल्डिंग नकोच.

तपासणी सोपी आहे. स्प्रिंग काढा, स्टेअरिंग घट्ट बांधा, चासी टेकूवर ठेवून चाक जॅकने हळूहळू उचला. मधल्या रेषेला समांतर ताणलेल्या दोरीपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजत राहा. दोन्हींतला फरक बदलला, की रॅक थोडा वर-खाली सरकवा.

जोडणीची दुसरी कसोटी वळणावर: आतलं चाक जास्त वळायला हवं. दीड मीटर लांब, १.२ मीटर रुंद चाकांच्या मांडणीत आतलं ३५ अंश वळलं, तर बाहेरचं साधारण २४ पुरतं. हे म्युनिकच्या एका घोडागाड्या बनवणाऱ्याचं डोकं. १८१८ साली पेटंट मात्र लंडनच्या रुडॉल्फ अकरमनने घेतलं आणि नावही त्याचंच राहिलं.

अभियांत्रिकीची पोरं हीच गणितं घेऊन २००७ पासून ‘बाहा एसएई इंडिया’ या बग्गी-स्पर्धेत उतरतात; तिथली शर्यत चार तास चालते. गावातल्या कारागिराला मात्र डांबरी रस्ता बंद. सांगलीतल्या देवराष्ट्रेत भंगारातून बनलेली जीप २०२१ मध्ये गाजली, आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि नियमात बसणार नाही म्हणून बदल्यात बोलेरो दिली.